अंगठी कुठल्या फुलात

आधीच सांगून टाकते, आमच्या ओसरीवर जमणाऱ्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. एक नेंझिन्या, एक इवोनेती, एक झुलेइदी आणि चौथी मी, देजानिरा. सगळं गाव मला देजा म्हणतं. मी स्वतःला वगळत नाही हं! दुपारची भांडी घासून झाली की चौघी माझ्या ओसरीवर बसतो. कॉफीच्या डब्याचं झाकण कापडावर ठेवून गोल कापायचे, कडेनं धावदोरा घालायचा, दोरा ओढायचा, की त्या गोलाचं चुण्याचुण्यांचं फूल होतं. मध्ये बटणाएवढं तोंड राहतं, तिथे गाठ मारायची आणि टाकायचं टोपलीत. अशी शेकडो फुलं एकमेकींना टाचली की गोधडी होते. या फुलाला आमच्याकडे जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी कुचाळकी. उगाच नाही पडलं ते. एक फूल होईस्तोवर एका घराची इज्जत जाते.

नेंझिन्या आमची म्होरकी. माझ्या लेकीला बाप्तिस्म्याला तिनं हातावर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्री म्हणतो आणि रोज भांडतो. कुठलं फूल कुठल्या फुलाशेजारी बसवायचं ते तीच ठरवते. आपण मोठ्या हौशीनं लालाशेजारी लाल ठेवावं, तर ती नाक मुरडते. "दोन बोलक्या बायका शेजारी बसवल्या तर तिसरीचं कोण ऐकणार? मध्ये एक गप्प रंग घाल." असं तिचं शास्त्र. आणि मेली चुकत नाही कधी.

चिंध्या आणून द्यायचा सेउ अनीझिओ, सेउ हे मानानं म्हणायचं. चौकापलीकडचा शिंपी. उंच, किडकिडीत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर शनिवारी दुकानातल्या कातरणांचं गाठोडं घेऊन यायचा, कॉफी प्यायचा, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलायचा आणि टोपी घालून निघून जायचा. गाठोडं उघडलं की आतल्या चिंध्या घड्या घालून, इस्त्री केलेल्या! चिंध्यांना कोण इस्त्री करतं हो? मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाकीच्या तिघींना कळलं होतं. झुलेइदी तर प्रत्येक शनिवारी छातीवर हात ठेवून म्हणायची, "अगं बाई, आज निळ्याला सुद्धा कडक इस्त्री आहे!" आणि मी तिच्यावर खेकसायचे.

जूनच्या सुरुवातीला तो आला तो शनिवार नसताना आला. हातात गाठोडं नाही. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मी ओसरीवर एकटी, हातात एक पिवळं फूल, दोरा अर्धा ओढलेला.

"दोना देजा," तो नेहमीसारखा अदबीनं म्हणाला, "मी डोळ्याच्या ऑपरेशनला अराकाजूला चाललोय, मुलीच्या शहरात. मोतीबिंदू. मुलगी म्हणते, बाबा, आता इथेच राहा, दुकान विका."

"मग राहा की," मी म्हटलं. बघा माझी जीभ!

त्यानं खिशातून अंगठी काढली. बारीक, चपटी, सोन्याची, झिजून कागदासारखी झालेली. त्याच्या आईची. म्हणाला, "महिनाअखेरीच्या साओ जोआओच्या सणाला, संध्याकाळी मी परत येतो. तुमच्या बोटात ही दिसली तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. नाही दिसली तर शिलाईचं मशीन उचलतो आणि मुलीकडे जातो. रागावणार नाही. तुम्हाला एक शब्दही बोलायला लागणार नाही."

माणसानं मला ओळखलं होतं, बघा. मी आख्ख्या बाजाराशी भांडू शकते, खाटकाला रडवू शकते, पण असली गोष्ट बोलायची म्हटली की माझ्या घशात भोपळा अडकतो. माझा रायमुंदो लग्नाचं विचारायला आला तेव्हा माझ्या बापानं हो म्हटलं आणि मी नुसती मान हलवली. पुढे इतकी वर्षं संसार केला. चांगला माणूस होता. पण जे बोलायचं ते मी त्याच्याशी बोलले ते तो शवपेटीत झोपल्यावर, झाकण लावायच्या आधी. त्याला काय ऐकू गेलं असेल!

अनीझिओ गेला आणि मी अंगठी तळहातावर घेऊन बसले. साठी ओलांडलेली बाई मी, आणि गालांवर नुसती आग! उठून आरशात बघावं असं वाटत होतं. तेवढ्यात फाटकाशी झुलेइदीचं खिदळणं आणि नेंझिन्याच्या सपातांची फटफट. या तिघींना अंगठी दिसली असती तर मी उत्तर ठरवायच्या आत गावात लग्नाचा केक कापला गेला असता. अंगठी लपवायला जागा नाही. झग्याला खिसा नाही. तोंडात टाकावी तर बोलायचं कसं? हातातल्या फुलाचं तोंड उघडं होतं. टाकली त्यात. आणि माझ्या हातांना इतक्या वर्षांची सवय, त्यांनी मला विचारलंच नाही. दोरा ओढला, गाठ मारली, दातानं तोडला.

"किती झाली गं?" म्हणत नेंझिन्यानं माझ्या मांडीवरची सगळी फुलं एका हातानं गोळा केली आणि टोपलीत ओतली. टोपलीत आधीच ढीग. वर इवोनेतीनं आपली पिशवी रिकामी केली आणि पीठ मळावं तसं सगळं खालीवर केलं.

मी "अगं!" म्हणून ओरडले.

"काय गं, काय चावलं?"

"काही नाही. सुई टोचली."

पिवळं फूल, एवढंच मला माहीत. आणि त्या वर्षी पिवळ्याचा सुकाळ. झुलेइदीनं आपला जुना कार्निव्हलचा झगा कापायला दिला होता, घेरच एवढा की त्यात एक शेळी राहिली असती. टोपलीत अर्धी फुलं पिवळी.

पुढचे दिवस मी वेड्यासारखी वागले. कबूल करते. फुलं हातात घेऊन दाबायचे. पण फुलाच्या मध्यात चुण्या गोळा झालेल्या असतात, त्यावर गाठ, आणि अंगठी तर कागदासारखी. प्रत्येक फूल मला अंगठीचंच वाटायचं.

"देजा, पेरू पिकलाय का बघतेस की काय?" इवोनेती म्हणाली.

"चपटी करतेय. चपटी छान बसतात."

"मग बूड टेकव त्यांच्यावर. एकदम होतील."

तिघी हसून लोळल्या. मग मला अक्कल सुचली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मागून आणलं आणि तिघी कॉफी प्यायला आत गेल्या तशी टोपलीवरून फिरवलं. टच्च! माझा जीव भांड्यात पडला. ओढून बघते तर टाचणी. मग दुसरी टाचणी. मग इवोनेतीची ईस्टरपासून हरवलेली सुई. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे मला सुई काढताना आठवलं. इतकी का मी बावळट! पण सांगते ना, त्या दिवसांत डोकं जागेवर नव्हतंच. रस्त्यानं चालताना पाय जमिनीवर ठरत नव्हते. मक्याची खीर दोनदा करपली. कोंबड्यांना कॉफीचा चोथा टाकला. आणि मनात एकच, तो येणार, बोटाकडे बघणार.

एकदा वाटलं, नेंझिन्याला सांगावं. तिच्या घरी गेले. तर तिच्या देव्हाऱ्यात संत आंतोनिओची मूर्ती नाही! लग्नं जुळवणारा संत तो, त्याच्याच सणाच्या महिन्यात जागा रिकामी. "रंगवायला दिलाय," नेंझिन्या म्हणाली, आणि घाईघाईनं मला बाहेर काढलं. मला वाटलं, हिचंही डोकं जागेवर नाही. सांगायचं राहून गेलं.

तोवर गोधडी तयार होत आली होती. दर वर्षी साओ जोआओला आम्ही एक गोधडी देवळाच्या लिलावाला देतो. लिलाव झाला की ती कुठल्या तरी परक्या पलंगावर जाणार, अंगठीसकट. नेंझिन्यानं फुलं टाचली, अस्तर लावलं आणि आपल्या घरी नेऊन ठेवली. मला हातही लावू देईना.

सणाच्या सकाळी सगळं गाव देवळात मिसाला गेलं. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले, आणि कात्री घेऊन नेंझिन्याच्या घरात शिरले. किल्ली कुंडीखाली असते, सगळ्यांना माहीत आहे. गोधडी तिच्या पलंगावर घडी घालून ठेवली होती. मी ती ओढत मागच्या अंगणात नेली, चटईवर पसरली, आणि बसले पिवळी फुलं उसवायला.

बसले खरी.

आत्तापर्यंत मी ती तुकड्या-तुकड्यांनी बघितली होती. एक हात इकडे, एक कोपरा तिकडे. उन्हात पूर्ण पसरलेली पहिल्यांदा बघत होते. अगं आई गं! काय केलं होतं त्या म्हातारीनं! झुलेइदीच्या झग्याचं पिवळं मधून निघून गोल गोल फिरत कडेपर्यंत गेलं होतं, आगटीतून ठिणग्या उडाव्यात तसं. पण मध्ये मध्ये तिनं गप्प रंग बसवले होते. शाळेच्या पडद्याचा निळा. पिठाच्या पोत्याचा पांढरा. आणि प्रत्येक पिवळ्याच्या एका अंगाला एक करड्या पट्ट्यांचं फूल, ते मी ओळखलं. रायमुंदोचा पायजमा. मीच दिला होता कापायला, उगीच ट्रंकेत कसर लागत होती म्हणून. त्या करड्याशेजारी पिवळं असं उजळलं होतं की बघत राहावं. आणि पलीकडच्या अंगाला इस्त्री केलेल्या कापडाची फुलं. अनीझिओच्या दुकानातली. शर्टाचं, वकिलाच्या पँटचं, कुणाच्या तरी लहानग्या पोराच्या देवळातल्या पहिल्या कम्युनियनच्या कोटाचं. माझ्या नवऱ्याचा पायजमा आणि शिंप्याच्या चिंध्या, मध्ये पिवळं. नेंझिन्यानं हे मुद्दाम केलं की तिच्या हातानं आपोआप केलं, कोण जाणे. मला रडूच आलं. हसूही आलं. दोन्ही एकदम.

बरोबर मधोमध एक जोडफूल होतं, मोठ्यावर छोटं बसवलेलं. मी हात फिरवला. एक एक पिवळं फूल चाचपलं. तीन-चारांवर संशय आला. त्यातल्या एकाचा टाका कात्रीच्या टोकावर घेतला. पण एक फूल काढायचं तर भोवतालची चार सुटतात, आणि ती चार सुटली की त्यांची शेजारीण लोंबते. टाके तरी काय होते! मुंगीच्या पावलाएवढे. नेंझिन्याची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालीत, चहाचा कप धरता येत नाही तिला धड. त्या बोटांनी घातलेले टाके.

मी कात्री मिटली. गोधडीची घडी घातली, पलंगावर ठेवली, किल्ली कुंडीखाली सरकवली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. आता बोट रिकामं राहणार हे पक्कं झालं होतं.

संध्याकाळी चौकात नुसती धमाल. दारोदारी आगट्या, डोक्यावर रंगीत कागदी पताका, भाजलेल्या कणसांचा वास, अकॉर्डियनवाला घामानं निथळत वाजवतोय, पोरं फटाके फोडतायत. वादकांच्या मागे दोरीवर गोधडी टांगलेली. लोक बोटं दाखवून म्हणत होते, यंदा या बायकांनी कहर केलाय. आणि मी बोरांच्या टोपलीमागे हात लपवून उभी.

तो आला. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. सरळ माझ्यासमोर येऊन थांबला. चष्मा कपाळावर सरकवला.

"दोना देजा, आता मला सगळं स्पष्ट दिसतं," तो म्हणाला आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी हात पुढे केला. आता लपवून काय उपयोग होता! रिकामी बोटं. त्यानं चांगलं बघून घेतलं. मग चष्मा खाली केला. "बरं," म्हणाला. "बरं आहे. तब्येत सांभाळा." आणि वळला. खरंच रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मला बोलायचं होतं. घशात भोपळा. तो आगटीच्या पलीकडे गेला. मी आ वासला, आवाज नाही. त्याची पाठ बघत होते आणि एकदम मला रायमुंदोची पेटी आठवली, आणि मी मनात म्हटलं, देजा, या खेपेला पण झाकण लावायची वाट बघणार आहेस का गं, भवाने?

मी बोरांची टोपली उलथली आणि स्टेजवर चढले. नाच पुकारणारा जेनिवाल्दो जोड्यांना ओरडून सांगत होता, "बायकांनो डावीकडे, पुरुषांनो—" त्याच्या हातातून मी माईक हिसकावला. अकॉर्डियन कॅं करून थांबलं.

"अनीझिओ!" मी ओरडले. माझाच आवाज चार कर्ण्यांतून चौकभर घुमला, कुत्री भुंकायला लागली. "अनीझिओ, थांब! अंगठी मी टाकली नाही! शिवली!"

तो थांबला. सगळं गाव थांबलं.

"या बायका आल्या म्हणून फुलात लपवली, ते फूल गोधडीत गेलं, आणि गोधडी मला कापवेना! सकाळी कात्री घेऊन गेले होते, नाही कापवली! बघ ना किती सुंदर झालीय, मेल्या, तू इस्त्री केलेल्या चिंध्या आहेत तिच्यात!"

तो आगटीपलीकडून म्हणाला, अगदी हळू, पण चौकात एवढी शांतता की सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हणजे, दोना देजा, हो का नाही?"

"हो!" मी म्हटलं. मग वाटलं, आता तोंड उघडलंच आहे तर. "हो! हो रे बाबा, हो! उद्या दुकान उघड! आणि दोना दोना काय लावलंयस, देजा म्हण!"

मग जो गोंगाट झाला तो काय सांगू. जेनिवाल्दोनं टोपी हवेत उडवली. झुलेइदी रडत होती आणि शेजारणीला सांगत होती की तिचंच पिवळं आहे ते. अनीझिओ स्टेजवर चढताना पायरी चुकला, नवे डोळे असून. मी त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर धरला आणि सोडला नाही.

"आता त्या गोधडीचा लिलाव करायला नको," मी नेंझिन्याच्या कानात म्हटलं. "त्यात अंगठी आहे गं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, मी टोपलीतलं प्रत्येक फूल हातात घेऊन बसवते. गाठ कोणती आणि सोनं कोणतं हे मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी सापडली, आणि त्याला तुझ्या फाटकातून बाहेर पडताना आम्ही बघितलंच होतं. आणि लिलावाची गोधडी वेगळी आहे, इवोनेतीच्या घरी. ही तुझ्याच पलंगाची, इथे नुसती दाखवायला टांगलीय. तुला काय वाटलं, त्या माणसाच्या चिंध्या आम्ही परक्याला देऊ?"

मी इवोनेतीकडे बघितलं. झुलेइदीकडे बघितलं. दोघी मान हलवत होत्या. या तिघी! ज्यांच्या पोटात खाटकाच्या मेहुणीचं प्रकरण एक दुपार राहिलं नाही, त्या तीन आठवडे तोंड शिवून बसल्या होत्या. मी पेरू चाचपते तशी फुलं चाचपत होते, चुंबक फिरवत होते, आणि या आत स्वयंपाकघरात ॲप्रन तोंडात कोंबून हसत होत्या.

"मग सांगितलं का नाहीस, चेटकिणी?" मी ओरडले. "तो निघून गेला असता तर?"

"अंगठी बोटात घालून तू पुन्हा नुसती मान हलवली असतीस," नेंझिन्या म्हणाली. "मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यालाही."

"आणि नसते बोलले तर?"

तिनं ॲप्रनच्या खिशात वाकडा हात घातला आणि छोटी कात्री काढून दाखवली. "तो रस्त्याच्या वळणापर्यंत जाईस्तोवर थांबणार होते. मग उसवलं असतं मीच."

स्वतःच्या हातचं, त्या हातांचं! मी तिला मिठी मारली तर ती म्हणाली, सोड, कात्री लागेल, आणि घरी जाऊन पाण्याच्या रांजणामागून संत आंतोनिओला बाहेर काढलं. तीन आठवडे बिचाऱ्याला शिक्षा म्हणून डोकं खाली, पाय वर करून ठेवलं होतं तिनं, माझं जुळेपर्यंत. आता देव्हाऱ्यात सरळ उभा आहे. नाकाचा रंग तेवढा गेलाय.

गोधडी आमच्या पलंगावर आहे. अंगठी कुठल्या फुलात आहे ते तिघींना माहीत आहे आणि तिघी सांगत नाहीत, मी किती शिव्या दिल्या तरी. अनीझिओ शिंपी माणूस, नव्या डोळ्यांचा, मनात आणलं तर एका मिनिटात शोधेल. पण तो शोधत नाही. रात्री पांघरूण ओढताना एखाद्या फुलावर बोट ठेवतो आणि विचारतो, "देजा, हे असेल का गं?"

"असेल," मी म्हणते. आता मी सगळं बोलते.